दोनशे बारावं पान

बाइंडर आपल्या साडूवर जळायचा. आजकालचं नाही, लग्न झालं तेव्हापासूनचं. हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं, मेहुणीला ठाऊक होतं, खुद्द साडूलाही ठाऊक असावं. कबूल करत नव्हता तो फक्त बाइंडर. "मला कशाला हेवा वाटेल? माझं काय अडलंय?" असं तो म्हणायचा. ज्याचं खरंच काही अडलेलं नसतं, तो माणूस असं म्हणत नाही.

साडू हेडमास्तर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. उंच माणूस, आवाज भरदार. बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा आणि त्याला ते कळायचंही नाही. बाइंडरनं एकतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्डखोलीत काढली होती. फाटलेली दप्तरं शिवायची, पाठीला कापड लावायचं, खळ लावून दाबाखाली ठेवायचं. त्यात बोलायला लागत नाही. सासरे असताना गमतीनं म्हणायचे, "मला दोन जावई. एक बोलतो, एक शिवतो." सगळे हसायचे. बाइंडरही हसायचा, आणि घरी आल्यावर दोन दिवस गप्प असायचा.

सासऱ्यांचं कुलपा-किल्ल्यांचं दुकान होतं. त्यांच्या वडिलांचंही तेच. त्याच्या मागे घराण्यात कोण होतं ते कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. पण मास्तरांनी निवृत्तीनंतर वंशावळीचं वेड घेतलं. स्वतःचं घराणं त्यांनी दोन वर्षांत उरकलं. मग रिकामे हात काय करणार? सासऱ्यांचं घराणं हातात घेतलं.

सुरुवात दुकानाच्या खरेदीखतापासून झाली. त्यात दुकान विकत घेणाऱ्या, दोघी बहिणींच्या आजोबांच्या नावापुढे त्यांच्या वडिलांचं नाव होतं. ते नाव धरून मास्तर कोर्टाच्या जुन्या दाव्यांत शिरले. तीन महिने रोज जायचे. एका रविवारी दुपारी ते बाइंडरच्या घरी आले, ते बूट काढायच्या आधीच म्हणाले, "सापडला!"

दोन भावांचा जमिनीच्या कागदांवरून दावा होता. कागदांच्या पेटीचं कुलूप कुणी उघडलं, असा प्रश्न होता. म्हणून एका कुलूपवाल्याची साक्ष झाली होती. तो कुलूपवाला म्हणजे दोघी बहिणींचे पणजोबा.

"आणि साक्षीत त्यांना विचारलंय, तू कुणाचा कोण," मास्तर म्हणाले. आवाज त्यांनी आपोआप वर्गातला लावला. "दोनशे अकराव्या पानाच्या शेवटी ते म्हणतात, 'विचारल्यावरून सांगतो की'. आणि दोनशे बाराव्या पानावर? 'माझ्या वडिलांनी हॉस्पिटलसाठी जी जागा दिली, ती आमच्या पूर्वापार मालकीची होती.'"

बाइंडरच्या बायकोचा हात कपावरच थांबला. "आपलं हॉस्पिटल? हे नाक्यावरचं?"

"तेच. बक्षीसपत्रही काढलं मी. जागा देणाऱ्या जमीनदाराला तीन मुलगे. तिसऱ्याचं नाव आपल्या कुलूपवाल्याचंच. बापाशी भांडून घराबाहेर पडला असणार आणि स्वाभिमानानं कुलपं करायला लागला. हॉस्पिटलची जागा देणारा माणूस तुमचा खापरपणजोबा आहे."

"भांडण कुठल्या पानावर आहे?" बाइंडरनं विचारलं.

"ते ओळींच्या मधे वाचायचं असतं, साडूभाऊ."

"काखेत कळसा म्हणतात तो हा," बायको नवऱ्याकडे बघून म्हणाली. "एकतीस वर्षं ती दप्तरं तुमच्या मांडीवर होती. माझा खापरपणजोबा तुमच्या मांडीवर होता, आणि तुम्ही त्याला खळ लावत बसलात."

मास्तर खदखदून हसले. ती पण हसली. बाइंडरही हसला.

त्या दिवसापासून बायको बदलली. तशी ती साधी बाई. शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करून तिनं संसाराला हात लावला होता, आणि मिरवण्यासारखं आयुष्यात काही नव्हतं म्हणून मिरवायची सवयच नव्हती. आता ती बाजारात जाताना लांबच्या रस्त्यानं, हॉस्पिटलवरून जायला लागली. एकदा फाटकाशी एक माणूस भिंतीवर थुंकला, तर हिनं त्याला थांबवून झापलं. "ही आमच्या पणजोबांची जागा आहे!" खापरपणजोबा म्हणायला वेळ नव्हता. तो माणूस इतका गडबडला की त्यानं रुमालानं भिंत पुसली.

हे तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. बाइंडरला ती इतकी सुंदर कधी दिसली होती ते त्याला आठवेना. आणि लगेच दुसरा विचार आला, की हे तिला मास्तरांनी दिलं. आपण चाळीस वर्षांत तिला काय दिलं? भाड्याच्या दोन खोल्या आणि खळीचा वास. त्या माणसानं तीन महिने चष्मा लावून बसून तिला एक अख्खं हॉस्पिटल दिलं.

आता मास्तर आले की त्यांना चहा आधी मिळायचा, बशीत बिस्किटं जास्त यायची. "भावोजी म्हणत होते" हे शब्द दिवसातून दहादा कानावर पडायचे. भावोजी म्हणत होते भाजी चिरून धुवू नये. भाजीचा आणि वंशावळीचा काय संबंध, असं बाइंडरच्या ओठावर यायचं, पण तो मूग गिळून बसायचा.

एका मंगळवारी तिनं दोन कागद त्याच्यासमोर ठेवले. मास्तरांनी दिलेल्या झेरॉक्स. दोनशे अकरावं पान आणि दोनशे बारावं.

"हे छानपैकी पुठ्ठ्यावर लावून द्या. फ्रेम करायचीय. आणि अहो, या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात काळा ठिपका आलाय बघा. तो झाकता येईल का?"

बाइंडरनं चष्मा लावला. ठिपका मुगाएवढा होता. तो शाईचा डाग नव्हता, किड्यानं पाडलेलं भोक होतं. झेरॉक्समध्ये भोक काळं दिसतं.

त्यानं दुसरं पान उचललं. त्याच कोपऱ्यात बघितलं. तिथं काही नव्हतं, कोपरा स्वच्छ.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. झाकतो."

बाइंडरला जुनं अक्षर मास्तरांसारखं भरभर वाचता येत नव्हतं, पण किड्याचं काम त्याला वाचता यायचं. पुस्तकातला किडा सरळ पोखरत जातो. या पानातून त्या पानात, त्या पानातून पुढच्या. मोठा किडा शंभर पानं आरपार जातो. तो कुठंतरी थांबतो, पण थांबतानाही भोक हळूहळू बारीक होत जातं. एका पानावर मुगाएवढं आणि पुढच्यावर काहीच नाही, असं होत नाही. म्हणजे दोनशे बारावं पान मुळात दोनशे अकराव्याच्या पुढचं नव्हतंच.

पहिल्यांदा त्याला इतका आनंद झाला की त्यानं बायकोनं दिलेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला. मास्तर चुकले! सगळ्या ओळींच्या मधे वाचणारा माणूस दोन पानांच्या मधे चुकला!

मग त्याला टाकी आठवली.

बावीस वर्षांपूर्वी रेकॉर्डखोलीच्या वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली होती. पन्नासेक दप्तरं भिजली. बाइंडरनं एकट्यानं ती सगळी उसवली, पानं दोऱ्यांवर वाळत घातली, अकरा दिवस खोलीत नुसते पंखे चालू ठेवले. वाळल्यावर पानांवरचे आकडे बघून आठ-आठ पानांचे गठ्ठे पुन्हा लावले आणि शिवले. अशा गठ्ठ्याला बाइंडर लोक फर्मा म्हणतात. कुलूपवाल्याच्या साक्षीच्या वर्षीची दाव्यांची दप्तरं दोन होती. कारकून एक, अक्षर एक, कागद एक. दोन्हींत दोनशे बारापासून दोनशे एकोणीसपर्यंतचा एकेक फर्मा होता. आकडे जुळत होते, म्हणून त्यानं शिवून टाकले. याच्या पोटात त्याचा, त्याच्या पोटात याचा.

त्या कामाबद्दल साहेबांनी त्याला शाबासकीचं पत्र दिलं होतं. बायकोनं ते आपल्या ताईकडे, मास्तरांच्या बायकोकडे, नेऊन दाखवलं होतं. नवऱ्याचं काही तिनं ताईला दाखवायला नेलं, असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

बुधवारी सकाळी तो रेकॉर्डखोलीत गेला. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई त्याला ओळखत होत्या. "काय, घरी करमत नाही का?" म्हणत त्यांनी दुसरं दप्तर टेबलावर आणून ठेवलं. त्यानं ते दोनशे बारावर उघडलं. वरच्या कोपऱ्यात मुगाएवढं भोक होतं. पुढच्या सातही पानांवर होतं.

त्यानं बोट ठेवून पहिल्या ओळी वाचल्या. अर्धा तास लागला. वाचून झाल्यावर त्यानं त्या एका पानाची झेरॉक्स काढून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

घरी तो काही बोलला नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. रविवारी मास्तरांकडे जेवायला बोलावणं होतं. वंशावळीचा मोठा तक्ता त्या दिवशी भिंतीवर लागणार होता. बोलायचं ते त्या तक्त्यासमोरच, असं त्यानं ठरवलं. रविवारी सकाळी त्यानं दाढी जास्त काळजीनं केली.

तक्ता खरंच देखणा होता. खाली दोघी बहिणी, वर वडील, आजोबा, पणजोबा, आणि सगळ्यात वर लाल चौकटीत जमीनदार. बायको त्या चौकटीसमोर मान वर करून उभी होती. ताई शेजारी.

जेवणं झाली. मास्तर म्हणाले, "साडूभाऊ, फ्रेम आणली का?"

"फ्रेम नाही आणली. हे आणलंय." बाइंडरनं तीन कागद काढून टेबलावर मांडले. "मास्तर, या पानावर भोक आहे. याच्यावर नाही. आणि हे तिसरं, दुसऱ्या दप्तरातलं दोनशे बारा. याच्यावर आहे."

"बरं, मग?"

"किडा पान सोडून जात नाही."

मास्तर हसले. "किड्याला कायदा कुठं कळतो?"

"कायदा नाही कळत. क्रम कळतो. तुम्ही वाचलेलं पान दुसऱ्याच दाव्यातलं आहे. जमीनदाराचा मुलगा तिथं साक्षीला आलाय. तो कुलूपवाला नव्हे. नाव तेवढं एक."

मास्तरांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरले, एकावर एक ठेवून पाहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला. बाइंडर तो उतरताना बघत होता. चाळीस वर्षं वाट पाहिलेली गोष्ट होती. हवी तितकी गोड लागत होती, त्याहून जरा जास्तच.

"म्हणजे हॉस्पिटल आपलं नाही," बायको म्हणाली. ती हे कुणालाच उद्देशून बोलली नव्हती.

ताईचं डोकं मात्र नेहमीसारखं चालू होतं. "बाइंडरसाहेब, दुसऱ्या दप्तरातलं पान या दप्तरात गेलंच कसं? शिवलं कुणी?"

"टाकी फुटली होती तेव्हा..."

"हो, पण शिवलं कुणी? रेकॉर्डखोलीत बाइंडर होते तरी किती?"

"एकच," बाइंडर म्हणाला. "मीच."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, पण भांड्यांचा आला नाही.

हात दाखवून अवलक्षण करून घेतलं खरं, पण मास्तरही आडवे झाले, अशी बाइंडरनं मनाची समजूत घातली. ती समजूत दोन मिनिटं टिकली. कारण मास्तरांनी तोपर्यंत तिसरा कागद वाचायला घेतला होता आणि त्यांची पाठ पुन्हा ताठ व्हायला लागली होती.

"साडूभाऊ! अहो, हे काय आणलंत तुम्ही!" ते ओरडले. "सगळ्यांनी इकडे या. ऐका!" आणि त्यांनी आपल्या भरदार आवाजात वाचायला सुरुवात केली. "'विचारल्यावरून सांगतो की... माझ्या वडिलांचं नाव मला ठाऊक नाही. आई आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतो. कुलपं आई करते, मी विकतो. कानस धरायला मला तिनंच शिकवलं. कोर्टानं बापाचं नाव पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगतो. नाव लिहायचंच असेल तर आईचं लिहा.'"

बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे हात ओले होते.

"भावोजी, पुन्हा वाचा ना," ती म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा वाचलं. या वेळी जास्त चांगलं, जिथं थांबायचं तिथं थांबून. ताईनं डोळ्यांना पदर लावला. मास्तर खुर्चीवर चढले आणि लाल चौकटीवर कोरा कागद चिकटवून त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'आई'. "याला म्हणतात शोध!" ते म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघत होती, तशीच, मान वर करून. बाइंडर आपल्या खुर्चीत बसून राहिला. ती बाई आपण शोधली, आणि दहा मिनिटांत ती मास्तरांची झाली, हे त्याला धडधडीत दिसत होतं, आणि ओरडून सांगावं असं त्यात काही नव्हतं. वाचलं तर त्यांनीच होतं.

परत येताना ऊन अजून होतं. बायको हॉस्पिटलच्या फाटकावरून गेली, पण तिनं तिकडे बघितलं नाही.

"राग आला का?" त्यानं विचारलं.

"कशाचा?"

"पानं उलटसुलट शिवली त्याचा."

"अकरा दिवस तुम्ही घरी फक्त झोपायला येत होतात. पन्नास दप्तरांत एक चूक झाली. मी काजं करताना रोज एक चुकते." ती थोडं चालली. मग थांबली. "ही झेरॉक्स कधी काढलीत?"

"बुधवारी."

"बुधवारी. आणि आज रविवार." तिनं बोटं मोजली नाहीत, पण मोजल्यासारखा वेळ घेतला. "चार दिवस माझी खापरपणजी तुमच्या खिशात होती. मी शेजारी जेवत होते, शेजारी झोपत होते. तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"म्हटलं, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोर नाही. भावोजींसमोर. तुम्हाला ती मला द्यायची नव्हती. त्यांच्यावर फेकून मारायची होती."

खोटं सुचलं असतं, पण चाळीस वर्षांच्या बायकोपुढे ते चाललं नसतं. तो तिच्या दोन पावलं मागे चालत राहिला. नाक्यावर आल्यावर म्हणाला, "हो. तसंच होतं ते."

ती वळली. इतक्या लवकर कबुली येईल असं तिला वाटलं नसावं.

"मास्तर आले की तुझा चेहरा कसा होतो, तो मला बघवत नाही," तो म्हणाला. "बोलून टाकलं एकदा."

"कसा होतो?"

"माझ्यासाठी होत नाही तसा."

"या वयात!" ती म्हणाली. पण चालताना ती आता त्याच्या बरोबरीनं चालत होती. जिना चढताना त्यानं सांगितलं, की त्या फर्म्यात आठ पानं आहेत, आणि मास्तरांनी वाचलं ते फक्त पहिलं. पुढची सात कुणीच वाचलेली नाहीत, त्यानंसुद्धा नाही.

"रेकॉर्डखोली किती वाजता उघडते?" तिनं विचारलं.

सोमवारी दहा वाजता ती त्याच्या शेजारी लांब टेबलाशी बसली. एकतीस वर्षांत ती या खोलीत पहिल्यांदाच येत होती. त्यानं दोनशे तेरावं पान उघडलं, किड्याचं भोक तिला दाखवलं, आणि बोट ठेवून वाचायला लागला. अक्षर लागत नव्हतं. एकेक शब्द दोनदा, तीनदा वाचावा लागत होता. ओळीच्या मधे तो थांबायचा, मागे जायचा, चष्मा पुसायचा.

कोर्टानं आईलाच साक्षीला बोलावलं होतं.

"'वय... वय सांगता येत नाही,'" तो वाचत होता. "'कुलूप... माझ्या हातचं आहे. ते फो... फोडलेलं नाही. फोडलं असतं तर आतली पट्टी... वाकली असती. ते किल्लीनं उघडलंय. किल्ली मेणावर ठसा घेऊन केलीय. माझ्या मुलावर...' थांब हं. 'माझ्या मुलावर संशय घेऊ नका. त्याला इतकं... बारीक काम... येत नाही.'"

बायको इतकी मोठ्यानं हसली की रेकॉर्डच्या बाईंनी मान वर केली. तिनं पदर तोंडावर धरला. खांदे हलत होते. मग ते हलायचे थांबले आणि तरी पदर तसाच राहिला.

"अजून सहा पानं आहेत," बाइंडर म्हणाला. मग न राहवून म्हणाला, "मास्तरांना बोलावू का? ते तासाभरात वाचून टाकतील."

"टाकायचंय कुणाला?" तिनं डोळे पुसले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. "रोज एक पान वाचा. आणि हे बघा, ताईला इतक्यात काही सांगू नका. सगळं नेहमी तिलाच आधी कळतं."